केनरोकुएन: कोणत्या महिन्यात, कोणत्या दाराने?

गेल्या अंकात कानाझावा शहरातल्या केनरोकुएन बागेवर दोन पानांचे टिपण छापले होते. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत. टिपण वाचायचे राहून गेलेल्यांसाठी थोडक्यात: कानाझावा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर आहे. तिथल्या मायेदा सरदारांनी किल्ल्याला लागून असलेल्या टेकडीवर १६७६ पासून ही बाग वाढवत नेली. १८७४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. क्षेत्र ११ हेक्टरांच्या वर, म्हणजे साधारण २८ एकर. मितोची काइराकुएन, ओकायामाची कोराकुएन आणि ही, अशा तीन बागा जपानी लोक एका दमात सांगतात.

प्रश्न: आयुष्यात एकदाच जाणे होईल, पुन्हा खर्च झेपणार नाही. चेरीच्या फुलांसाठी एप्रिल गाठावा का? (नांदेड)

एकदाच जायचे असेल तर नोव्हेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा. चेरीच्या मागे लागू नका.

कारण हिशेबाचे आहे. कानाझावात चेरी साधारण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलते आणि पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. फेब्रुवारी-मार्च उबदार गेला तर तारीख अलीकडे सरकते, थंडी रेंगाळली तर पुढे जाते, आणि बहराच्या चौथ्या दिवशी जोराचा पाऊस-वारा आला तर फुले तळ्यात. विमानाचे तिकीट आपल्याला तीन-चार महिने आधी काढावे लागते, अंदाज मात्र मार्चमध्ये पक्का होतो. बहराच्या त्या आठवड्यात बागेला प्रवेश मोफत असतो आणि रात्री दिवेही लावतात. ऐकायला छान वाटते, पण अख्खे शहर तिथे लोटते. नुसती फुलेच नव्हे, माणसांच्या पाठीही बघाव्या लागतात.

नोव्हेंबरात एवढा जुगार नाही. पानांचा रंग दोन-तीन आठवडे टिकतो. यामाझाकीयामा नावाच्या छोट्या टेकडीवर मेपल लाल होतो, झेल्कोव्हा पिवळा-तांबूस. शिवाय १ नोव्हेंबरपासून पाइनच्या झाडांना हिमापासून वाचवणारे दोर बांधायला सुरुवात होते, म्हणजे शरद आणि हिवाळ्याची तयारी एकाच फेरीत दिसते. दिवाळी उशिरा येते त्या वर्षी शाळेच्या सुट्टीचे दिवसही जमून येतात.

बाकीचे वर्ष असे: फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत प्लम, मे महिन्यात पाण्यातले आयरिस आणि अझेलिया, जूनमध्ये पाऊस आणि हिरवेगार शेवाळ, जुलै-ऑगस्टमध्ये घामाघूम करणारा दमट उकाडा. आपल्याकडचा ४२ अंशांचा कोरडा उन्हाळा सोसणाऱ्यालाही तिथले ३३ अंश जड जातात, कारण घाम वाळतच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिमाचे, त्याविषयी पुढे बीडच्या प्रश्नात.

प्रश्न: मुलांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात. म्हणजे आम्ही मे महिन्यातच जाऊ शकतो. तोवर सगळे संपलेले असेल का? (उदगीर)

चेरी संपलेली असेल. एक अपवाद आहे: किकुझाकुरा, म्हणजे शेवंतीसारखी चेरी. तिच्या एका फुलाला सुमारे ३०० पाकळ्या असतात. कळी गडद लाल, उमलल्यावर फिकट गुलाबी, गळायच्या आधी जवळजवळ पांढरी. इतर चेरी झडून गेल्यावर, एप्रिलच्या शेवटी ही फुलते आणि काही वर्षी मेच्या सुरुवातीपर्यंत टिकते.

पण मे महिन्याचे खरे काम आयरिसचे. बागेतून क्योकुसुई नावाचा नागमोडी ओढा वाहतो. त्याच्या दोन्ही काठांना काकित्सुबाता जातीची निळी-जांभळी फुले ओळीने उभी राहतात. ती नीट दिसतात हानामीबाशी या लाकडी पुलावरून. पुलाच्या मधोमध न थांबता टोकाशी उभे राहा. तिथून ओढ्याचे वळण तिरके येते आणि फुलांची रांग लांब वाटते.

तारखेची मात्र काळजी घ्या. २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला सलग सुट्ट्यांचा आठवडा. हॉटेले महाग, रेल्वेत जागा नाही. ७ मेच्या पुढे गेलात तर तीच बाग निम्म्या गर्दीत मिळते आणि आयरिसही तेव्हाच भरात असतो.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. बाग टेकडीवर आहे असे वाचले. जमेल का? किती वेळ लागतो? (परभणी)

जमेल, फक्त दार बरोबर निवडायला हवे. बागेला सात दारे आहेत. बसने येणारे बहुतेक लोक कात्सुराझाका दाराने शिरतात आणि शिरताशिरताच चढ लागतो. गुडघे तिथेच कुरकुरायला लागतात. तुम्ही स्टेशनवरून टॅक्सी करा आणि कोदात्सुनो दार सांगा. हे पठाराच्या बाजूचे, वरचे दार.

इथून शिरण्याचा दुसरा फायदा असा की बागेचे पाणीही याच बाजूने येते. म्हणून नियम सोपा: पाणी जसे वाहते तसे चाला. यामाझाकीयामाच्या पायथ्याशी पाणी बागेत शिरते. तिथून क्योकुसुई ओढ्याच्या काठाने या. वाटेत नेआगारी पाइन लागतो. जमिनीवर साधारण दोन मीटर उचललेली, चाळीसच्या वर मुळे असलेले झाड. ते मातीच्या उंचवट्यावर लावले आणि झाड मोठे झाल्यावर खालची माती काढून घेतली, म्हणून मुळे अशी उघडी उभी आहेत. पुढे हानामीबाशी, मग कासुमिगाइके हे मोठे तळे.

तळ्याकाठी दोन पायांचा दगडी दिवा आहे, कोतोजी-तोरो. उंची २.६७ मीटर. एक पाय पाण्यात, दुसरा आखूड पाय काठावरच्या दगडावर. कोतो या तंतुवाद्यात प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी एक छोटी घोडी असते. दिव्याचे पाय तिच्यासारखे फाकलेले, म्हणून हे नाव. तंबोऱ्याची घोडी पाहिलेल्याला नाव लगेच कळेल. या दिव्यासमोर फोटोसाठी कायम रांग असते. आईवडिलांना रांगेत उभे करू नका. तळ्याच्या पलीकडे बाकावर बसवा, तिथून दिवा, पूल आणि मेपल एकत्र दिसतात.

मोठ्या तळ्यापासून पाणी खाली उतरते: कारंजे, मग मिदोरीताकी धबधबा (६.६ मीटर उंच), मग हिसागोइके हे जुने तळे आणि त्याच्या काठची युगाओतेइ ही १७७४ ची चहाची झोपडी, बागेतली सर्वांत जुनी इमारत. इथून मायुमीझाका दाराने बाहेर पडा. चढ जवळजवळ नाहीच, सगळा उतार. पण उतारालाही गुडघे दुखतात. शेवटच्या टप्प्यात काठी हाती असू द्या आणि घाई करू नका.

वाटांवर बारीक खडी आहे. व्हीलचेअर असेल तर पुढची छोटी चाके खडीत रुततात. अशा जागी खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यावी, ढकलू नये. सावकाश, बसत-उठत दोन तास धरा. चाळीस मिनिटांतही फेरी होते, पण त्यात बाग पाहून होत नाही.

वेळा: १ मार्च ते १५ ऑक्टोबर सकाळी ७ ते संध्याकाळी ६, उरलेल्या काळात ८ ते ५. वर्षभर बंद नसते. प्रौढांचे तिकीट बरीच वर्षे ३२० येन होते. निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्या. तिकिटाची वेळ सुरू होण्याआधी पहाटे मोफत प्रवेशही असतो. एप्रिल ते ऑगस्ट तर ४ वाजल्यापासून. पण तो फक्त रेनचिमोन आणि झुइशिनझाका या दोन दारांनी, आणि नियमित वेळ सुरू व्हायच्या आत बाहेर पडावे लागते. ही दोन्ही दारे खालच्या अंगाची, म्हणजे चढ आलाच. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी मात्र ही पहाट चुकवू नये. दिव्यासमोर तेव्हा रांग नसते.

प्रश्न: टोकियोहून कानाझावाला कसे जायचे? (अंबाजोगाई)

होकुरिकु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन थेट जाते. सर्वांत जलद गाडीला सुमारे अडीच तास. ओसाका-क्योटोकडून येत असाल तर मार्च २०२४ पासून त्सुरुगा स्टेशनवर गाडी बदलावी लागते. जुन्या माहितीपत्रकांत थेट गाडी लिहिलेली असेल तर फसू नका. कानाझावा स्टेशनवरून बागेपर्यंत बसने पंधरा-वीस मिनिटे, चालत अर्धा तास.

प्रश्न: टिपणात लिहिले होते की तिथले कारंजे मोटारीशिवाय उडते. आमच्या पाणचक्कीसारखेच का हे? (छत्रपती संभाजीनगर)

नात्यातलेच आहे, पण सख्खे भाऊ नव्हेत.

पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही किलोमीटरांवरून खापरी नळांतून आणले आहे. शेवटी ते उंचावरून पडते आणि पडणाऱ्या पाण्याच्या जोराने चक्की फिरते. केनरोकुएनच्या कारंज्यात पाणी पडत नाही, वर उसळते. कासुमिगाइके तळे वरच्या पातळीवर, कारंजे खालच्या. तळ्यातून बंद नळी खाली आणली की पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत परत चढू पाहते. गवंडी भिंतीची लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो, तोच न्याय. नळीचे एक टोक वर, दुसरे खाली धरा आणि खालच्या टोकाचे तोंड बारीक करा: पिचकारी उडते. नळीतली घासण आणि हवेचा अडथळा यांमुळे पाणी तळ्याच्या पातळीइतके वर पोहोचत नाही, अलीकडेच थांबते. केनरोकुएनमध्ये धार साधारण ३.५ मीटर चढते. तळ्यातले पाणी कमी झाले की तीही बुटकी होते. हे कारंजे १९व्या शतकाच्या मध्यातले, किल्ल्यात कारंजे करायचे म्हणून आधी इथे चाचणी घेतली असे सांगतात. जपानमधले सर्वांत जुने कारंजे म्हणून ते ओळखले जाते.

खरे कौतुक कारंज्याच्या मागच्या कालव्याचे. १६३१ मध्ये कानाझावात मोठी आग लागली. किल्ला उंचावर, विझवायला पाणी नाही. १६३२ मध्ये इताया हेइशिरो याने साइ नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून सुमारे ११ किलोमीटरांचा तात्सुमी कालवा आणला. त्यातला बराच भाग डोंगराच्या पोटातून, बोगद्याने. पाणी बागेच्या टेकडीपर्यंत आले, पण टेकडी आणि किल्ला यांच्यामध्ये खोल खंदक. मग नळीने पाणी खंदकाच्या तळाशी उतरवले आणि पलीकडे पुन्हा वर चढवले. नळ्या आधी लाकडी होत्या, पुढे दगडी केल्या. नळीचे सांधे झिरपले तर दाब मरतो आणि पाणी वर चढत नाही. लाकूड कुजते, सांधे सुटतात, म्हणून दगड.

बागेच्या नावाशीही याचा संबंध आहे. केनरोकुएन म्हणजे सहा गुण एकत्र असलेली बाग. १८२२ मध्ये हे नाव दिले गेले, कल्पना जुन्या चिनी ग्रंथातली. सहा गुण तीन जोड्यांत आहेत आणि प्रत्येक जोडीत भांडण आहे: विस्तार हवा तर एकांत मिळत नाही, माणसाची कारागिरी दिसली की जुनेपण हरवते, आणि पाणी सखल जागी असते तर दूरवरचे दृश्य उंचावरून. शेवटचे भांडण मिटवले ते या कालव्याने. टेकडीवर तळे आहे आणि त्याच टेकडीवरून दूरचे डोंगरही दिसतात.

प्रश्न: फोटोत झाडावर दोरांचा तंबू दिसला. हा नुसता देखावा आहे की काही उपयोग? आमच्या मोसंबीला फळांच्या ओझ्याने फांद्या मोडतात, तिथे चालेल का? (जालना)

उपयोग आधी, देखावा नंतर. या कामाला युकित्सुरी म्हणतात, हिमापासून टांगून धरणे.

सायबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा घेतो. कानाझावात हिवाळी तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, त्यामुळे पडणारा हिम ओला आणि जड असतो. कोरडा हिम वाऱ्याने उडून जातो. ओला पाइनच्या सुयांना चिकटतो, थरावर थर बसतो आणि फांदी कडाडून मोडते. कारासाकी नावाचा पाइन तळ्यावर लांब फांद्या पसरून उभा आहे. त्याच्यासाठी पाच खांब आणि सुमारे ८०० दोर लागतात. १ नोव्हेंबरला काम याच झाडापासून सुरू होते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि मार्चच्या मध्यापासून दोर उतरवतात. खांब खोडालगत, झाडाच्या शेंड्याहून उंच. माळी खांबाच्या टोकाशी चढून दोर खाली सोडतो, खालचे लोक एकेक दोर एकेका फांदीला बांधतात. दोर भाताच्या पेंढ्याचा. झुडपांना खांब नसतो, त्यांच्या फांद्या गोळा करून दोराने आवळतात.

आता तुमची मोसंबी. युकित्सुरीच्या या प्रकाराला तिथे सफरचंदाची टांगणी असेही म्हणतात, कारण फळांनी वाकलेल्या सफरचंदाच्या फांद्या अशाच टांगत. म्हणजे तुमचा प्रश्न मुळाशीच जातो. आंबिया बहाराची फळे मोठी व्हायला लागली की करून बघा:

खोडापासून वीतभर अंतरावर, झाडाच्या शेंड्याहून तीन-चार फूट उंच राहील असा जाड बांबू दोन फूट खोल रोवा. मुख्य मुळ्या तोडू नका. बांबू खोडाला दोन ठिकाणी सैल आठच्या आकड्यात बांधा. टोकाशी आठ ते बारा दोर घट्ट करा. प्रत्येक फांदीवर खोडापासून दोन-तृतीयांश अंतरावर पोत्याचा तुकडा गुंडाळा आणि त्यावरून दोराचा सैल फास घाला. दोर इतकाच ओढा की फांदी आणखी खाली जाणार नाही. वर उचलू नका. उचललेली फांदी बुंध्याशी चिरते.

चुका ठरलेल्या असतात. एका बाजूचे सगळे दोर आधी ताणले की बांबू वाकतो. एक दोर या बाजूचा, एक समोरचा, असे करत जा. नायलॉनची बारीक दोरी सालीत रुतते. काथ्या बरा. सुती दोर पावसात भिजला की आकसतो, म्हणून त्यात बोटभर ढील ठेवा. फास शेंड्याजवळ घातला तर कोवळी फांदी तिथेच मोडते.

बेचके असलेल्या लाकडाचे टेकू स्वस्त पडतात हे खरे. पण टेकू जमिनीवर उभे राहतात आणि वखराच्या आड येतात. दोर येत नाहीत. आमच्या मते फळ जास्त लागलेल्या निवडक झाडांना दोर, बाकीच्यांना टेकू.

प्रश्न: हिम पाहायचा आहे. जानेवारीत गेलो तर नक्की दिसेल ना? (बीड)

नक्की नाही. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत भरवशाचा काळ, पण तेव्हाही जमिनीवर रोज हिम नसतो. दोन रात्री मुक्काम ठेवा. रात्री पडला तर सकाळी ८ ला दार उघडताच आत शिरा. ११ पर्यंत फांद्यांवरचा बराच हिम खाली घसरलेला असतो.

बीडच्या थंडीची सवय तिथे उपयोगाची नाही. आपली थंडी कोरडी, तिथली ओली. कानाझावात वर्षाला सुमारे २४०० मिमी पाऊस-हिम पडतो, मराठवाड्यात सातशे-आठशे. तिथली म्हणच आहे: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.

कपड्यांपेक्षा बुटांकडे लक्ष द्या. हिम वितळवायला तिथल्या अनेक रस्त्यांवर जमिनीतले पाणी फवारतात, त्यामुळे रस्त्यावर घोटाभर गार चिखलपाणी साचते. कापडी बूट दहा मिनिटांत भिजतात आणि मग दिवसभर बाग नव्हे, पायच आठवतात. रबरी तळाचे, पाणी न शिरणारे बूट आणि पिशवीत मोज्यांचा जादा जोड. दगडी पुलांवर हिम बसला की निसरडे होते, तिथे पाय सपाट टाका.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. उपाशी राहावे लागेल का? (धाराशिव)

उपाशी नाही, पण जेवणाच्या ताटावर सावध राहावे लागेल. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण दाशीची: सुक्या माशाचे पाणी सूपमध्ये, भाज्यांत, नूडलच्या रश्शात सगळीकडे असते. "मासे नको" म्हटले तरी दाशी राहतेच, म्हणून "दाशी नको" असे वेगळे सांगावे लागते. कानाझावाचा नावाजलेला जिबुनी हा पदार्थ बदकाचा, हेही माहीत असू द्या. दुकानात उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट प्लमचा भाताचा गोळा त्यातल्या त्यात सोपा. कडक पाळणाऱ्यांनी वेष्टनावरचे घटक फोनने भाषांतर करून पाहावेत. धपाटे आणि शेंगदाण्याची सुकी चटणी दोन दिवस निभावून नेते. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानच्या विमानतळावर अडवतात.

बागेतल्या शिगुरेतेइ या चहाघरात माचा मिळतो. दूध नाही, साखर नाही, हिरवा आणि कडवट. सोबत डाळीच्या पुरणासारखी गोड मिठाई येते. ती आधी पूर्ण खायची, मग चहा. एक घास एक घोट असे केले तर दोन्हींची चव जाते.

प्रश्न: फोटोतल्यासारखी शेवाळाची गादी अंगणात करायची आहे. दोनदा आणून लावले, दोनदा जळाले. (लातूर)

तिसऱ्यांदा लावू नका. शेवाळाला मुळे नसतात, ते पानांनीच हवेतले आणि वरून आलेले पाणी घेते. लातूरची हवा फेब्रुवारीपासून कोरडी. वरून बोअरचे पाणी मारले की त्यातला क्षार पांढरा थर होऊन पानांवर बसतो. पाणी जितके जास्त, तितका थर जाड. विहिरीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर श्रावणात जे आपोआप येते तेवढेच आपले.

त्यापेक्षा कोरडी बाग करा. जपानी परंपरेत तीही तितकीच जुनी आहे. क्योटोच्या र्योआनजी मंदिरात नुसती पांढरी वाळू आणि १५ दगड आहेत, तेही ओसरीवर बसून पाहायचे. पाणी टंचाईच्या गावाला यापेक्षा शहाणी बाग नाही.

दहा बाय आठ फुटांची जागा धरा. काळी माती असेल तर आधी सहा-आठ इंच माती काढून मुरूम भरा आणि चोपा. हे टाळले तर पावसात माती फुगते, उन्हात भेगाळते आणि खडी त्यात गडप होते. मुरमाला अंगणाच्या बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. वर तीन इंच बारीक खडी, सहा मिमीच्या आतली. ८० चौरस फुटांना २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. खडी चाळून, धुऊन घ्या. क्रशरची भुकटी तशीच राहिली तर पहिल्या पावसात ती सिमेंटसारखी बसते आणि फणी फिरत नाही. दगड तीन किंवा पाच, आकार वेगवेगळे, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत. नुसता ठेवलेला दगड ठेवल्यासारखाच दिसतो, पुरलेला तिथलाच वाटतो. फणीचे दात लाकडी, दोन-दोन इंचांवर. रेघा ओढताना मागे सरकत या, नाहीतर आपलेच पाय उमटतात.

कडुनिंबाखाली करू नका. फेब्रुवारी-मार्चची पानगळ खडीतून वेचणे हे न संपणारे काम आहे.

प्रश्न: जपान आम्हाला परवडणारे नाही. पुण्यातली जपानी बाग बघितली तर काही कळेल का? (हिंगोली)

कळेल. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान सिंहगड रस्त्यावर आहे, सुमारे दहा एकर. ते केनरोकुएनवरून नाही, ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेले आहे, हे ध्यानात ठेवून जा. कोराकुएन सरदार इकेदा त्सुनामासासाठी त्सुदा नागातादाने बांधली, १७०० मध्ये पूर्ण झाली. क्षेत्र सुमारे १३ हेक्टर. केनरोकुएनमध्ये झाडी आणि वळणे जास्त, कोराकुएनमध्ये मोकळी हिरवळ. सरदाराच्या बागेत भातखाचर आणि चहाचा मळाही आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथले माळी वाळलेली हिरवळ पेटवून देतात: कीड मरते, राख खत होते. बांध जाळणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. पुलावर फोटो काढून परत फिरू नका. पाणी जिथून सुरू होते तिथपर्यंत आधी जा आणि मग त्याच्या काठाने खाली या. प्रत्येक वळणावर दोन पावले मागे-पुढे करून बघा, काय झाकले जाते आणि काय उघडे पडते. झाड, दगड किंवा उंचवटा मुद्दाम आडवा ठेवलेला सापडेल. एकाच जागेवरून पूर्ण बाग दिसू द्यायची नाही, ही या बागांची रीत आहे. मग तीच वाट उलटी चाला. उलट येताना झाकणाऱ्या गोष्टी बदलतात. नोव्हेंबरात एकदा आणि जुलैच्या पावसात एकदा अशा दोन फेऱ्या केल्यात तर फरक स्वतःच दिसेल. हिंगोलीहून पुण्याला जाणे तसेही वर्षातून दोनदा होतेच.